हास्मिकला पाच माणसं हवी होती

अबुधाबीहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, पांढरी मशीद पाहिलीस का, वाळवंटात गाडी उडवतात तीत बसलीस का, सोन्याच्या बाजारात गेलीस का. मशीद पाहिली. वाळवंटातल्या गाडीत बसले आणि उतरून ओकले. सोनं काचेबाहेरून पाहिलं. पण सांगावंसं वाटतं ते यांतलं काहीच नाही. मी तिथे आर्मेनियन लोकांची एक सभा पाहिली. हे म्हटलं की समोरच्याचा चेहरा कोरा होतो, कारण आर्मेनिया कुठे आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं. तुर्कस्तानच्या पलीकडचा हा छोटा देश मलाही धड माहीत नव्हता. म्हणून लिहून काढते आहे.

अल रीम

माझा धाकटा भाऊ मिलिंद मुसफ्फाच्या औद्योगिक भागात, लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या एका कंपनीत मॅनेजर आहे. राहतो मात्र अल रीम आयलंडवर, काचेच्या उंच इमारतीत. मी आयुष्यभर खानापूरच्या शाळेत मराठी शिकवलं. बेळगावजवळचं आमचं खानापूर. तिथे घरांची दारं दिवसभर उघडी असतात. इथे मजल्यावर आठ दारं आणि आठही बंद. खिडकीतून समुद्र दिसायचा, पण त्याचा आवाज यायचा नाही.

"समोर कोण राहतं गं?" मी मिलिंदच्या बायकोला, केतकीला विचारलं.

"तिगरान. मिलिंदच्याच कंपनीत इंजिनिअर आहे. आर्मेनियन. आणि त्याची आई. पण अक्का, इथे कोणी असं उठून कोणाकडे जात नाही हं."

दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं तर बोळात शेपूचा वास. ताज्या, नुकत्या चिरलेल्या शेपूचा. मी उठून गेले.

माझ्याच वयाच्या एका बाईने दार उघडलं. ठेंगणी, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, हातात सुरी. टेबलावर हिरवा ढीग: शेपू, पालक, कोथिंबीर, कांद्याची पात आणि मला ओळखू न येणारे आणखी काही पाले. तिने मला आत घेतलं, खुर्ची दिली आणि काही न विचारता एक जुडी माझ्या पुढ्यात टाकली. मी निवडायला बसले. नावं सांगितली ती नंतर. तिचं नाव हास्मिक.

तिचं इंग्रजी मोडकं, माझं शाळेतलं. दोघींचं छान जमलं. सगळा पाला बारीक चिरून ती पातळ पोळीत भरत होती आणि तव्यावर भाजत होती. आपल्या पराठ्यासारखं, पण पोळी नावापुरती आणि पाला भरपूर. वर तेलाचा हात. एक घास खाल्ला आणि मला आईची आठवण झाली. का झाली ते सांगता येणार नाही. आई असलं काही करत नसे.

हास्मिक शाळेत भूगोल शिकवायची. जग ज्याला काराबाख म्हणतं आणि तिचे लोक आर्त्साख म्हणतात, त्या डोंगराळ मुलखात. मुलूख आर्मेनियन माणसांचा, पण जगाच्या कागदावर अझरबैजानचा. त्यावरून युद्धं झाली. आधीच्या युद्धात तिचा धाकटा मुलगा अराम गेला. त्यानंतर नाकेबंदी, मग शेवटचा हल्ला आणि मग काही दिवसांत सगळा मुलूखच्या मुलूख रिकामा झाला. डोंगरातल्या एकाच रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. त्या रांगेत शेजाऱ्यांच्या ट्रकमध्ये हास्मिक होती. अरामची कबर मागे राहिली. थोरला तिगरान आधीच आखातात नोकरीला आलेला होता; त्याने पुढे तिला इथे आणलं.

तिने फोनवर नकाशा उघडला, डोंगर सरकवत एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"माझं शहर. नाव वाच."

मी अडखळत वाचलं.

"चूक," ती म्हणाली. "माझं शहर स्तेपानाकर्त. हे त्यांचं नाव आहे. मी वर्षानुवर्षं मुलांना नकाशे भरायला शिकवलं. कोणी हे लिहिलं असतं तर मी मार्क कापले असते."

मला हसूही आलं आणि नाहीही. आमच्या घरात नकाशा हा भांडणाचाच विषय होता. माझे वडील सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आले. खानापूर महाराष्ट्रात यायला हवं म्हणून आमच्या ओसरीवर बैठका व्हायच्या आणि मी चहा द्यायची. पुढे त्या लढ्यात फूट पडली, एका जागेला आपलेच दोन दोन उमेदवार उभे राहू लागले, आणि आता माझे माजी विद्यार्थी तो विषय निघाला की फोनमध्ये बघतात. हे मी हास्मिकला सांगितलं. पण आम्हाला कुणी घरातून हाकललं नाही, आमची माणसं आमच्याच मातीत आहेत, हेही सांगितलं. तुलना तेवढ्यावरच थांबते.

तिला काय हवं होतं ते तिने त्याच दुपारी सांगितलं. आर्मेनियात निवडणूक काही महिन्यांवर आली होती. तिच्या मते कुठलाच पक्ष तिच्या लोकांच्या घरी परतण्याविषयी नीट बोलत नव्हता. तिच्याकडे आर्मेनियाचा पासपोर्ट होता, पण तो प्रवासापुरता. मत द्यायचं तर वेगळा अर्ज करून नागरिक व्हायचं, आणि नागरिक झालं की निर्वासित ही नोंद जाते.

"निर्वासित म्हणजे जिला परत जायचं आहे ती," हास्मिक म्हणाली. "तो शब्द मी सोडणार नाही. पण इथे अमिरातीत पुष्कळ आर्मेनियन आहेत. बैरूतचे, अलेप्पोचे, येरेवानचे. मला पाच माणसं हवीत. माझ्याबरोबर आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला यायचं, प्रत्येक पक्षाच्या दारात उभं राहायचं आणि विचारायचं, आमच्या परतण्याचं काय करणार? एकटी म्हातारी गेली तर तिला पाणी देतात. पाच जण गेले तर उत्तर द्यावं लागतं."

तेवढ्यात तिगरान आला. दाढी वाढलेला, थकलेला, चाळिशीचा माणूस. कंपनीतल्या कामगारांबरोबर राहून हिंदी शिकलेला. त्याने ढीग पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाला, "आंटी, मम्मी पागल हो गया. सब खलास है. उसको बोलो."

हास्मिकने त्याच्यापुढे ताटली सरकवली.

मुसफ्फा

त्या शुक्रवारी ती मला मुसफ्फाला घेऊन गेली. इमारतींची चमक मागे पडते आणि लोखंडाच्या पत्र्यांची कुंपणं, ट्रेलर, ग्राइंडरचा कर्कश आवाज, कामगारांच्या पांढऱ्या बसेस सुरू होतात. तिथल्या एका वर्कशॉपात येरेवानकडून आलेले दोन आर्मेनियन वेल्डर होते. शुक्रवारी काम लवकर सुटतं, तेव्हा त्यांना गाठायचं होतं.

कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात आम्ही बसलो. मालक नझीरभाई, रत्नागिरीकडचे. फोनवर केतकीशी बोलतानाचा माझा मराठी हेल कानावर पडला तसे गल्ल्यामागून उठून आले. "बेळगावच्या? म्हणजे आमच्या आंबोलीच्या वरच्या! पैसे नाय घेणार ताई, बसा." घट्ट कडक चहा आला. हास्मिकने त्यात साखर मागितली, मी पाणी.

वेल्डर आले, टोप्या काढून अदबीने बसले. हास्मिक पुढे वाकून बोलत होती. भाषा कळत नव्हती, पण पाच बोटं वर गेलेली मला दिसली. दोघांनी मान डोलावली, छातीवर हात ठेवला, तिचा हात हातात घेतला. उठताना एक जण म्हणाला, "इन्शाल्ला." मला मौज वाटली. ख्रिस्ती माणूस, आर्मेनियन बाईशी बोलताना, अरबी शब्द.

ते गेल्यावर नझीरभाई हळूच म्हणाले, "ताई, ते यायचे नाहीत."

"कशावरून?"

"आम्ही इन्शाल्ला बोलतो ते मनापासून. पण हिथे ऑफिसात, साइटवर, 'नाही' बोलायची लाज वाटली की लोक तोच शब्द वापरतात. घरमालक नळ दुरुस्त करतो बोलतो ना, तसं."

हास्मिकने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, चहा कसा झाला विचारतात.

रात्री जेवताना मिलिंदने विषय काढला. हास्मिक रविवारी शारजात आर्मेनियन लोकांना जमवते आहे, हे त्याला तिगरानकडून कळलं होतं.

"अक्का, तू व्हिजिट व्हिसावर आहेस. इथे राजकीय गॅदरिंग वगैरे चालत नाही. उद्या कुणी काही रेकॉर्ड केलं, एचआरला गेलं, तर माझी नोकरी आहे, राहीची शाळा आहे. तुला हे सगळं कशाला हवंय?"

"मी फक्त बरोबर जाते. जेवायला बोलावलंय."

"आत्या, इट्स नॉट इव्हन आवर प्रॉब्लेम," तेरा वर्षांची राही ताटातून मान वर न करता म्हणाली.

मिलिंदची भीती खोटी नव्हती हे मला कळत होतं. म्हणूनच चिडता येईना.

ऊद मेथा

मधल्या शनिवारी केतकी मला दुबईत ऊद मेथाला हळदीकुंकवाला घेऊन गेली. भारतीय शाळा, भारतीय संस्था, सगळं त्याच भागात. हॉल सुरेख सजवला होता. नऊवारी नेसलेल्या बायका, तिळगूळ, आणि एक गजरा किती दिरहॅमला पडला, म्हणजे रुपयांत किती, याचा हिशेब दारातच. मलाही वाण मिळालं, स्टीलचा डबा. अनोळखी मुलखात कपाळाला कुंकू लागलं तेव्हा बरं वाटलं, हे नाकारत नाही.

मग कळलं की त्याच दिवशी, जवळच दुसऱ्या हॉलमध्ये दुसऱ्या मराठी लोकांचं हळदीकुंकू होतं. पूर्वी एकच होतं. व्यासपीठावर कुणाच्या मिसेसने बसायचं यावरून दोन झाले. इकडे आलेली बाई तिकडे गेली तर इकडच्या ग्रुपमधून तिचं नाव काढतात. केतकीने तिकडच्या मैत्रिणीला गाडीतूनच, घाईघाईने, खिडकीतून हात दाखवला.

जेवणाच्या वेळी पुरुष मंडळी महाराष्ट्राच्या राजकारणावर तावातावाने बोलत होती. कोण गद्दार, कोण विकला गेला, कुणाला धडा शिकवायला पाहिजे. मी विचारलं, "तुमच्यापैकी मत द्यायला कोण कोण गेलं होतं?"

एक जण हसून म्हणाला, "काकू, मतासाठी तिकीट काढून कोण जातं?"

"केरळचे लोक जातात म्हणे."

"त्यांचं वेगळं," तो म्हणाला, आणि श्रीखंड वाढून घ्यायला उठला.

मी बायकांना हास्मिकची गोष्ट सांगून पाहिली. "अय्या, किती सॅड," एक जण म्हणाली, खरोखर डोळ्यांत पाणी आणून. तेवढ्यात फोटोसाठी हाक आली.

शारजा

सभा रविवारी दुपारी होती, शारजातल्या एका आर्मेनियन हॉटेलच्या वरच्या मजल्यावर. जागा मिळवून दिली हागोप नावाच्या वृद्ध सराफाने. बैरूतमध्ये जन्मलेला, त्याचे आजी-आजोबा तुर्कस्तानातल्या कत्तलीतून पायी निसटलेले. उंच, रुबाबदार, सगळे त्याला मान देत. त्याने अट घातली होती: सभा म्हणायचं नाही, जेवण म्हणायचं. हास्मिक दोन दिवस पोळ्या करत होती. मीही पाला निवडून निवडून बोटं हिरवी करून घेतली होती.

तिगरानने गाडीतून आणून सोडलं, पोळ्यांचे डबे वर पोचवले आणि परत खाली गाडीत जाऊन बसला. "आप जाओ आंटी. मैं ये नाटक नहीं देखेगा."

कोणी येणार नाही अशी मला भीती होती. पण माणसं येत गेली. जोडप्याने, मुलांसह, सेंट लावून, गालाला गाल लावत. खुर्च्या कमी पडल्या. हास्मिकच्या चेहऱ्यावर रंग चढला. तिने ठेवणीतला गडद निळा ड्रेस घातला होता आणि गळ्यात अरामचा छोटा फोटो असलेलं लॉकेट. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बघ, आले."

माझ्या शेजारी माराल नावाची तरुण दंतवैद्य बसली होती. अलेप्पोत वाढलेली, आता दुबईत दवाखाना. ती मला इंग्रजीत हळूहळू सांगत होती, म्हणून मला सगळं कळलं.

हास्मिक उभी राहिली आणि बोलू लागली. थोड्या वेळाने मागून एक बाई काहीतरी म्हणाली आणि चार जण हसले.

"काय झालं?" मी मारालला विचारलं.

"त्यांना हिची बोली समजत नाही. आम्ही पश्चिमेकडची आर्मेनियन बोलतो, हिची डोंगरातली. ती म्हणते आहे, बाई, इंग्रजीत बोला."

एका आर्मेनियन बाईने दुसरीला इंग्रजीत बोलायला सांगितलं. हास्मिकने क्षणभर मारालकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खरंच तिच्या त्या मोडक्या इंग्रजीत, क्रियापदं गाळत, सांगू लागली. भूगोलाची शिक्षिका, आयुष्यभर वर्गापुढे उभी राहिलेली, तिथे नापास होणाऱ्या मुलासारखी दिसत होती. पण तिने सांगायचं ते सांगितलं. आमची घरं. आमच्या कबरी. निवडणूक. पाच माणसं.

टाळ्या झाल्या. हागोप उठला आणि एकजुटीवर फार सुंदर बोलला. भाषा न कळताही मला त्याचा नाद जाणवला. माराल सांगत होती: एक राष्ट्र, एक रक्त, हाताची बोटं आणि मूठ. काही जणांनी डोळे पुसले. तो बसल्यावर हास्मिकने सरळ विचारलं, "तुम्ही येणार?"

"माझं काळीज तुमच्याबरोबर आहे, भगिनी. पण माझा पासपोर्ट लेबननचा. तिथल्या निवडणुकीत मी कोण?"

मग एकेकाची कारणं आली. मुलांच्या परीक्षा. गुडघ्याचं ऑपरेशन. एकाचा धंदा अशा लोकांशी होता की त्याचं नाव तिथे दिसलं तर संपलं. एकाला व्हिसाची भीती, आणि ती मला मिलिंदइतकीच खरी वाटली. मुसफ्फाचे वेल्डर आलेच नव्हते.

येरेवानकडचा एक तरुण म्हणाला, जुन्या सरकारांनी देश लुटला म्हणून ही वेळ आली. त्यावर एक म्हातारा ओरडला, लुटला नाही, आताच्यांनी विकला. तिसऱ्याने सरकारशी भांडणाऱ्या धर्मगुरूंची बाजू घेतली, चौथ्याने त्याला खाली बस म्हणून सांगितलं. कुणीतरी भिंतीवरच्या झेंड्याकडे बोट दाखवून ओरडलं. सगळे एकदम बोलू लागले आणि मारालने भाषांतर करणं सोडून दिलं. मला भाषांतराची गरजही लागली नाही. गद्दार, विकला, धडा शिकवा. ही वाक्यं मी नुकतीच श्रीखंडाबरोबर ऐकली होती.

"तुम्ही येणार का?" मी मारालला विचारलं.

तिने भांडणाऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला भीती वाटते. आणि त्याहून वाईट सांगते, मला त्या जागेविषयी काही वाटत नाही. मी ती कधी पाहिली नाही. वाटायला हवं, असं लहानपणापासून सांगितलंय, म्हणून मी दर वेळी येऊन बसते. माझं घर अलेप्पोत होतं. तेही गेलं. त्यासाठी कोणी सभा घेतली नाही."

त्या हॉलमध्ये खरं बोललेली तीच एक. तिच्यावर रागावायचं कसं?

तेवढ्यात त्या भांडणातून एका माणसाचा आवाज वर आला. तो हास्मिककडे बोट करून काही म्हणाला आणि हॉल एकदम गप्प झाला. माराल पुटपुटली, "तो म्हणतोय, दोष आमचा कशाला? तुम्ही लोकच लढला नाहीत. एका दिवसात देऊन पळालात."

हास्मिकचा हात लॉकेटवर गेला. दारातून तिगरान बोलला. तो केव्हा वर आला होता कोण जाणे. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"माझा भाऊ पळाला नाही. तो तिथेच आहे. जाऊन विचारा त्याला."

त्या माणसाने मान खाली घातली. मला वाटलं, आता कोणीतरी उठेल. आता निदान एक तरी माणूस म्हणेल, मी येतो.

उठली ती एक गोरीपान, प्रेमळ चेहऱ्याची बाई. तिला वातावरण हलकं करायचं होतं, तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ती म्हणाली, "जाऊ द्या, भांडू नका. या पोळ्या खाऊन पाहिल्यात का कुणी? देवाशपथ, अशी चव मी कुठे घेतली नाही. वसंतातल्या जत्रेत हास्मिकबाईंचा स्टॉल लावायचा का?"

हॉलने सुटकेचा श्वास टाकला. हो हो, लावायचाच. कोणी म्हणालं, टेबल मी देतो. कोणी म्हणालं, पाटी मी रंगवते. हागोपने विचारलं, सर्वांना मान्य? हात वर झाले. पाचापेक्षा पुष्कळ होते.

शेवटी फोटो निघाला. हास्मिकला मधोमध उभं केलं. मला कुणीतरी बाजूला केलं, कारण मी आर्मेनियन नव्हते, आणि ते बरोबरच होतं. उरलेल्या पोळ्या लोकांनी कागदात गुंडाळून घरी नेल्या. रिकामे डबे मी आणि तिगरानने उचलले.

परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना वाळू, वर उन्हाने पांढरं झालेलं आभाळ. मग तिगरान म्हणाला, "खलास, मम्मी?"

"मी जाणार," ती म्हणाली. "मला पाणी देतील. पिईन."

त्याने स्टिअरिंगवर हात आपटला. तिच्याशी आर्मेनियनमध्ये काहीतरी भरभर बोलला, ती खिडकीबाहेर बघत राहिली. अबुधाबी जवळ आलं तेव्हा तो मला हिंदीत म्हणाला, "आंटी, मिलिंद सर छुट्टी देगा क्या?"

मी घरी आल्यावर मिलिंदला सांगितलं. तो आधी चिडला. ऐन शटडाउनच्या, म्हणजे कारखाना बंद ठेवून दुरुस्ती करायच्या तोंडावर इंजिनिअर सोडायचा, आणि तोही कशासाठी! येरझाऱ्या घातल्या, चहा अर्धा टाकला. सकाळी ऑफिसला जाताना बूट घालता घालता म्हणाला, "त्याला सांग, कारण 'घरगुती' लिही. त्यापुढे एक अक्षर नको. आणि मला काही माहीत नाही."

माझ्या भावाचं धैर्य एवढंच. त्या आठवड्यात मी पाहिलेल्या माणसांत तेच सर्वांत जास्त होतं.

खानापूर

परत आल्यावर काही आठवड्यांनी, एका सकाळी तिगरानचा फोन आला. तो येरेवानमध्ये होता. मागे माणसांची कुजबुज, मधूनच लाउडस्पीकरवर आकडे. कसल्यातरी सरकारी कचेरीत असावा. त्याने आपल्या हिंदीत सगळं सांगितलं.

एका पक्षाच्या कचेरीत एक सभ्य तरुण भेटला. त्याने हास्मिकला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "आपण मतदार आहात का?" ती म्हणाली, "नाही, निर्वासित आहे." तो म्हणाला, "मग आधी नागरिकत्व घ्या, आजी. निवडणूक झाली की या, सविस्तर बोलू." दुसऱ्या पक्षाने कॉफी पाजली, प्रचारासाठी तिच्याबरोबर फोटो काढला, आणि तिने प्रश्न विचारायच्या आत ते लोक पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. तिसऱ्या ठिकाणी आत घेतलंच नाही. मग ती दोघं रस्त्यावरच उभी राहिली. समोरच्या कॅफेत बसायला जागा नव्हती, पदपथावरून माणसं वाहत होती आणि या दोघांना वळसा घालून जात होती.

"फिर एक औरत रुका," तिगरान म्हणाला. हातात भाजीच्या पिशव्या. हास्मिकची बोली ऐकून थांबलेली, म्हणजे त्यांच्याच मुलखातली. तिने काही विचारलं नाही. पिशव्या खाली ठेवल्या आणि हास्मिकच्या बाजूला उभी राहिली. थोड्या वेळाने पिशव्या उचलल्या. तिगरानने नाव विचारलं तर म्हणाली, नाव कशाला, माझी बस चुकेल.

"बस, आंटी. इतना ही हुआ."

मग हास्मिकने फोन घेतला. आवाज बसलेला. मी विचारलं, आता कुठे आहात, काय करता आहात?

"रांगेत," ती म्हणाली. "नागरिकत्वाच्या."

"आणि तो शब्द?" मी विचारलं. "निर्वासित?"

"तो काढून घेतील." ती थांबली. "मत नसलेल्या बाईशी कोणी बोलत नाही, शैला. मी उभी राहून पाहिलं."

"पण मग परत जायचं..."

मागे लाउडस्पीकरवर एक आकडा पुकारला गेला. "माझा नंबर," ती म्हणाली. तिने तिगरानला काहीतरी सांगितलं, कोट धर किंवा पर्स धर असं असेल. खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.